भरलेला की रिकामा

सकाळचे साडेसात वाजले होते. गॅसवर चहा उकळत होता, ताटात सोलायचे मटार होते आणि जेवणाच्या टेबलाशी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, चोपन्न वर्षांचा एक विद्यार्थी बसला होता. त्या घरात तीन आठवड्यांपासून रोज हेच चाललं होतं. त्याची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, मटार, शेंगा, जे काही हाताशी असेल ते सोलता सोलता पुस्तकातले प्रश्न विचारायची आणि सावकाशराव उत्तरं द्यायचे. चुकले की पुस्तकाशी भांडायचे.

"नळी जोडताना गळती दिसली. पहिलं काम काय?"

"व्हॉल्व्ह बंद."

"चूक. इंजिन बंद आहे का ते बघायचं."

"अगं, चालू इंजिनावर नळी जोडणारा ड्रायव्हर मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

"पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्याला एकदा माझ्या गाडीत बसवून दे. मग विचारतो त्याला पहिलं काम काय ते."

बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनची खडखड चालू होती. तिच्यावरून वन्संचा आवाज आला. "दादा, मास्तरणीशी वाद घालू नकोस, छडी बसेल. वहिनी, तुला सांगते, हा सातचा पाढा म्हणताना रडायचा. पाच साते पस्तीसपर्यंत ठणठणीत, आणि पुढे आला की डोळ्यांत पाणी."

"सहा साते बेचाळीस," सावकाशराव आतूनच म्हणाले.

"आता येऊन काय उपयोग?" वन्सं म्हणाल्या, आणि तिघंही हसली.

वन्सं म्हणजे सावकाशरावांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्या भावाकडेच होत्या. बाहेरच्या खोलीत मशीन टाकून शाळांचे गणवेश शिवायच्या. हात मशीनवर आणि तोंड घरभर, असा त्यांचा खाक्या. त्या आल्यावर पहिलं वर्षभर घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मग एक दिवस त्यांनीच कशावरून तरी भावाला टोमणा मारला, आणि त्या दिवशी वहिनीने देवासमोर नाही, पण गॅससमोर हात जोडले होते.

सावकाशराव हे काही त्यांचं नाव नव्हे. खरं नाव कंपनीच्या हजेरीपटावर होतं, तोंडात कोणाच्याच नव्हतं. सव्वीस वर्षं ते टँकर चालवत होते आणि वेगाचा काटा पंचेचाळीसच्या वर गेला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून दमला, की हे खिडकीतून हात काढून 'सावकाश, सावकाश' अशी खूण करायचे. तेच नाव पडलं. कंपनीतली पोरंसोरं ड्रायव्हर झाली, नव्या गाड्या ठोकून आणून परत नव्या गाड्यांवर बसली, पण सावकाशरावांच्या टँकरला रस्त्यावर सव्वीस वर्षांत एक ओरखडा नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. वहिनी सांगायची, आणि तीही मोजक्याच लोकांना. का, ते पुढे येईलच.

टँकरमध्ये असायचं रंग पातळ करायचं द्रव. दिसायला पाणी, पण ठिणगी दाखवली की झालं. असा माल नेण्यासाठी इतके दिवस कंपनीचं पत्र पुरत होतं. आता नियम बदलला. लायसनवर धोकादायक मालाचा शिक्का पाहिजे. त्यासाठी पुस्तक पाठ करायचं, संगणकावर परीक्षा द्यायची, डोळे आणि छाती तपासून घ्यायची आणि चालचलणुकीची पोलीस पडताळणी करून घ्यायची. महिनाअखेरीपर्यंत शिक्का नसेल त्याने गाडीची किल्ली जमा करायची. चोपन्नाव्या वर्षी किल्ली जमा केली की दुसरी कोण देणार? सावकाशरावांनी तीनचार ठिकाणी चौकशी करून पाहिली होती. सगळीकडे वय विचारलं आणि 'कळवतो' म्हणाले. त्या 'कळवतो'चा अर्थ कळायला पुस्तक लागत नाही.

परीक्षेला आठ दिवस होते. वहिनीने पुढचं पान उलटलं, आणि दारावर थाप पडली.

दारात तिशीचा एक पोलीस होता. बगलेत फाइल, चेहऱ्यावर सकाळी सकाळी सातवं घर केल्याचा कंटाळा. "पडताळणीला आलोय," तो म्हणाला. बूट दाराशी काढले, खुर्ची दिली तिच्यावर बसला, चहाला नाही म्हणाला नाही. माणूस वाईट नव्हता. वहिनीने नंतर कितीदा तरी आठवून पाहिलं. त्या माणसात राग धरावा असं काही तिला सापडलं नाही.

"घरात माणसं किती?"

"तीन. मी, ही, आणि ही माझी बहीण. लेक लग्न होऊन गेली."

"कुठे भांडण, मारामारी, तक्रार?"

"छे हो."

"व्यसन?"

"पुस्तकाचं लागलंय नुकतंच," वन्सं मशीनवरून म्हणाल्या. पोलीस हसला. हसत हसतच त्याने फाइलचं पान उलटलं.

"अपघाताची एक नोंद दिसतेय."

"माझ्या गाडीला अपघात नाही," सावकाशराव म्हणाले. म्हणाले मात्र, आणि त्यांचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. वहिनीच्या लक्षात आलं. तिच्या बोटांतला मटाराचा दाणा ताटाबाहेर पडला.

"रस्त्यावरचा नाही, यार्डातला." शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात पोलीस वाचायला लागला. "अकरा वर्षांपूर्वीचा. टँकरचा स्फोट, वेल्डर जागीच मयत. चौकशीचा निष्कर्ष: 'टँकर रिकामा असल्याची चालकाने चिठ्ठीवर खूण केली. त्या चिठ्ठीवर विसंबून वेल्डरने काम सुरू केले.' खाली चालकाची सही. ही तुमचीच ना?"

बाहेरची खडखड थांबली.

"तुमचीच ना?" त्याने पान पुढे केलं.

"माझीच," सावकाशराव म्हणाले.

"मग मयताच्या वारसाचं ना हरकत पत्र लागेल. त्याशिवाय मला पुढे पाठवता येणार नाही. पत्ता आहे इथे, मी देतो तुम्हाला..." तो पान वरखाली करून बघायला लागला. "अहो, पत्ता इथलाच दिसतोय."

पोलिसाने तिघांकडे पाहिलं, मग उरलेला चहा घोटभरात संपवला, रिकामी ओळ जिथे भरायची तिथे पेन्सिलीने फुली केली आणि बूट हातात घेऊनच जिना उतरला.

झालं होतं ते इतकंच होतं, आणि ते फार होतं. कंपनीत माल उतरवून आलेल्या ड्रायव्हरला गेटवर एक चिठ्ठी भरावी लागते. गाडीचा नंबर, वेळ, आणि दोन चौकोन. एकासमोर छापलंय 'भरलेला', दुसऱ्यासमोर 'रिकामा'. माल उतरवला की रिकामा, हे ड्रायव्हरांच्या बोलीत इतकं मुरलेलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण त्या द्रवाची वाफ टाकीत मागे राहते. टाकी काठोकाठ भरलेली असली तर वाफेला जागा नसते. माल उतरवला की जागाच जागा. आतून पाण्याने धुऊन, हवा फिरवून, तपासून घेईपर्यंत ती टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. त्या दिवशी सावकाशरावांच्या टँकरची शिडी तुटली होती. त्यांनी 'रिकामा'वर खूण केली, खाली 'शिडीला वेल्डिंग पाहिजे' असं लिहिलं आणि ते हात धुवायला गेले. चिठ्ठी वर्कशॉपमध्ये वेल्डरच्या, म्हणजे वन्संच्या मालकांच्या, त्यांच्या नवऱ्याच्या हातात पडली. मेहुण्याचं अक्षर त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

कंपनीने वन्संना सांगितलं, टाकीत वायू साठला होता, दैव म्हणायचं. वन्संना ते दैव पटलं नाही. त्यांनी सगळा दोष सुपरवायझरवर टाकला. तो पोरांना घाई करतो, तपासून बघत नाही, खुर्चीवरून उठत नाही. अकरा वर्षं त्या अधूनमधून सुईत दोरा ओवता ओवता त्याचा उद्धार करायच्या. "मेला खुर्चीतच मरेल," असं म्हणायच्या. सावकाशराव खाली मान घालून जेवत राहायचे. त्यांनी त्याच आठवड्यात वहिनीला खरं सांगितलं होतं. वहिनी म्हणाली होती, आत्ता नको, थोडे दिवस जाऊ देत. मग थोडे दिवस गेले. मग वन्सं पुन्हा हसायला लागल्या, आणि आता सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? अशी ती गोष्ट दोघांनी मिळून पांघरूण घालून ठेवली होती, आणि ती पांघरुणाखाली मोठी होत होती.

पोलीस गेल्यावर वन्संनी मशीनवरचा हाफपँटचा काठ पूर्ण केला. दोरा दाताने तोडला. मग आत येऊन गॅसवरचं वहिनीचं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं आणि स्वतःपुरता भात टाकला.

दोन दिवस त्या घरात दोन स्वयंपाक झाले. मशीनची खडखड होती, पण तिच्यावरून आवाज येत नव्हता. पुस्तक टेबलावर उघडं पडलेलं, पान पंख्याने आपोआप उलटायचं. सावकाशराव सकाळी डबा न घेता बाहेर जायचे. कंपनीत अजून किल्ली होती, तेवढ्यापुरतं काम होतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना वन्संनी विचारलं, "तुला ठाऊक होतं, वहिनी?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

वन्संनी चादरीचं टोक झटकलं. दुसरं टोक नेहमीप्रमाणे वहिनीच्या हातात होतं. "आणि मी तुझ्यासमोर बसून त्या सुपरवायझरला शिव्या घालत होते. तू भाजी निवडत होतीस."

"वन्सं, तुम्ही..."

"कोथिंबीर सुद्धा निवडत होतीस गं तू. एक काडी राहू द्यायची नाहीस." त्यांनी चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले, आणि वहिनीच्या हातातलं टोक तसंच ठेवून खाली निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सावकाशराव पाणी प्यायला आत आले तर टेबलाशी वन्सं बसल्या होत्या. पुस्तक त्यांच्या पुढ्यात होतं.

"बस," त्या म्हणाल्या. "आज मी विचारते."

सावकाशराव बसले. वहिनी ओट्याशी होती. तिला वाटलं आपण बाहेर जावं. मग वाटलं, इतकी वर्षं आत राहिलो, आता कुठे जायचं.

"प्रश्न," वन्सं वाचायला लागल्या. एकेक अक्षर लावून, पोलिसाने वाचलं त्याच सुरात. "'माल उतरवून झाला आहे. टाकी धुतलेली नाही. टँकर भरलेला समजावा की रिकामा?'"

सावकाशरावांनी चष्मा काढला.

"चष्मा कशाला काढतोस? वाचायचं मला आहे. तू सांग."

"भरलेला."

"ऐकू आलं नाही."

"भरलेला समजावा."

"पुढचा. 'धोक्याची पाटी केव्हा काढावी?'"

"टाकी धुऊन, तपासून, दाखला हातात आल्यावर."

"'त्याआधी टाकीवर वेल्डिंग करता येईल काय?'"

"नाही."

"पूर्ण वाक्यात सांग. शाळेत सांगायचास तसं."

"टाकीवर वेल्डिंग करता येणार नाही."

"पाठ आहे की रे सगळं," वन्सं म्हणाल्या. "पाच साते पस्तीससारखं. मग तेव्हा?"

"तेव्हा पुस्तक नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं. सगळेच रिकामा म्हणायचे. तुझे मालकसुद्धा म्हणायचे."

"त्यांना मध्ये आणू नकोस. त्यांनी खूण केली नव्हती." वन्संनी पुस्तक मिटलं, पण बोट आतच ठेवलं. "बरं, तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर तर कळलं ना? त्या दिवसानंतर चिठ्ठीवर काय लिहीत आलास?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. वहिनीनेही तो अकरा वर्षांत कधी विचारला नव्हता. तिला सुचला नव्हता असं नाही, पण सुचलेलं सगळंच माणूस विचारतं असं थोडंच आहे.

"रिकामा," सावकाशराव म्हणाले.

"अकरा वर्षं?"

"दोनच चौकोन आहेत गं चिठ्ठीवर. भरलेला लिहिलं तर माल पोचलाच नाही असं होतं. मी आत जाऊन तोंडाने सांगायचो. वास आहे, आग लावू नका. एकेकाला धरून सांगायचो. हसायचे मला."

"तोंडाने," वन्सं म्हणाल्या. "म्हणजे तोंडाने सांगता येत होतं तर."

सावकाशरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

वन्संनी कपाटातून गणवेशांच्या ऑर्डरींची वही आणली, मागचं पान फाडलं आणि तिथेच बसून लिहायला घेतलं. लिहिता लिहिताच बोलत होत्या. "तू रिकामा लिहिलंस, मी हरकत नाही असं लिहिते. भावंडं शोभतो. उपकार करतेय असं समजू नकोस. तुझी किल्ली गेली तर तू दिवसभर घरात बसशील, आणि मला दिवसभर तुझं तोंड बघावं लागेल. ते माझ्याच्याने होणार नाही. तू आपला बाहेरच बरा." खाली सही केली. सहीखाली 'मयताची पत्नी' असं लिहिलं, ते मात्र थांबून, नीट अक्षरात.

कागद त्यांनी भावाच्या हातात दिला नाही. मिठाच्या बरणीखाली ठेवला आणि मशीनकडे गेल्या.

परीक्षेच्या दिवशी वहिनी बरोबर गेली. हॉलबाहेरच्या बाकावर तिच्यासारख्याच चारपाच बायका बसल्या होत्या, नवऱ्यांचे चष्मे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत. एक म्हणाली, "आमचे हे संगणकाला हात लावायला घाबरतात. बावीस टनाची गाडी चालवतात, उंदीर धरता येत नाही." सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. हसल्यावर तिला लाज वाटली, आणि लाज कसली वाटली तेही नीट कळलं नाही.

तासाभराने सावकाशराव बाहेर आले. हातात छापील कागद होता. पास.

"तो प्रश्न आला होता?" वहिनीने विचारलं.

"आला होता. सगळ्यात आधी तोच सोडवला." मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि ते बसस्टॉपकडे चालायला लागले.

आठ दिवसांनी लायसन नवीन होऊन आलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक ओळ वाढली होती, तोच शिक्का. कंपनीत ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. "सावकाशराव पास! आता आम्हाला शिकवा हो!" सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासाठी टाळ्या वाजण्याची ती पहिलीच वेळ, आणि तेव्हा ते टोपी हातात धरून खाली बघत उभे होते. घरी लायसन टेबलावर ठेवलं. वन्सं तिथून दोनदा गेल्या. भावाला त्या आता 'दादा' म्हणत नव्हत्या. काही सांगायचं असलं की "वहिनी, तुझ्या नवऱ्याला सांग," म्हणायच्या, नवरा पलीकडच्याच खुर्चीत असला तरी.

शिक्का मिळाल्यानंतरच्या पहिल्याच फेरीला दुपारी तीनच्या सुमारास वहिनीचा फोन वाजला. गेटवरचा वॉचमन होता.

"वहिनी, येता का जरा? सावकाशरावांनी गाडी गेटात उभी केलीय. पुढे घेत नाहीत. साहेब भडकलेत. तुमचं ऐकतील."

"काय झालं?"

"चिठ्ठी भरत नाहीत हो. पाऊण तास झाला."

वहिनीने चपला घातल्या. कुलपाची किल्ली शोधत होती तेवढ्यात वन्सं पदराला हात पुसत दारात आल्या. "फोन ऐकला मी," त्या म्हणाल्या. "चल. मीपण येते." कंपनी पंधरा मिनिटांच्या अंतरावर होती. एवढ्या जवळ राहून वन्संनी अकरा वर्षांत तो रस्ता धरला नव्हता. भाजीलासुद्धा त्या लांबच्या बाजूने जायच्या.

गेटात टँकर उभा होता. धोक्याच्या लाल पाट्या जागच्या जागी. मागे रस्त्यापर्यंत ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न. खाली उतरलेले ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून गंमत बघत होते. "अहो सावकाशराव," एकजण ओरडला, "सावकाश तरी चला! तुम्ही तर उभेच राहिलात!"

सावकाशराव खाली उतरून टँकरच्या पुढच्या चाकापाशी उभे होते. हातात चिठ्ठी आणि पेन. समोर सुपरवायझर. अकरा वर्षांत त्याचे केस काळे झाले होते आणि पोट पुढे आलं होतं, बाकी तोच. खुर्चीवरून उठला होता, हेच विशेष.

"हे बघा," तो म्हणत होता, "दोन चौकोन आहेत. एकावर खूण करा आणि जाऊन चहा प्या. सव्वीस वर्षं करताय."

"टाकी धुतलेली नाही, साहेब. मी रिकामा लिहिणार नाही."

"मग भरलेला लिहा."

"भरलेला लिहिला तर माल पोचला नाही असं होईल. तेही खोटंच."

"म्हणजे तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"पुस्तकात लिहिलंय..."

"पुस्तक परीक्षेपुरतं असतं हो!" सुपरवायझर मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असा बोलला. "परीक्षा झाली, पास झालात, अभिनंदन. आता कामाला लागा. आणि एक ऐका. शिक्का मिळायला महिना लागला ना? काढून घ्यायला एक पत्र पुरे. 'कामात अडथळा.' दोन शब्द. लिहू?"

मग त्याची नजर वहिनीवर गेली, आणि वहिनीच्या मागे उभ्या असलेल्या बाईवर. त्याने ओळखलं. तो एक पाऊल मागे सरकला.

वहिनी पुढे झाली. तिला सांगायचं होतं, अहो, करा ती खूण, घरी चला, आता पुन्हा कुठे नोकरी शोधायची. शब्द अगदी जिभेवर होते. खूण करा, म्हणजे संपलं. तिच्या लक्षात आलं की अकरा वर्षांपूर्वीही ती हेच म्हणाली होती. आत्ता नको, जाऊ देत. तिने जीभ चावली आणि जागच्या जागी उभी राहिली.

हॉर्न चालूच होते. वन्संनी गेटाच्या आत, वर्कशॉपच्या पत्र्याकडे एकदा बघितलं आणि मग भावाच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या.

सावकाशरावांनी बहिणीकडे पाहिलं नाही. त्यांनी खिशातून नवं लायसन काढलं आणि चिठ्ठीसकट सुपरवायझरच्या हातात दिलं. आवाज चढवला नाही. त्यांना चढवताच येत नसे.

"शिक्का काढायचा तर काढा, साहेब. किल्ली गाडीतच आहे. माझं एकच मागणं आहे. या चिठ्ठीवर तिसरा चौकोन छापा. 'माल उतरवला, टाकी धुतलेली नाही.'"